घन पदार्थातून आयन वाहतात कसे? सॉलिड-स्टेट बॅटरीची खरी कसोटी स्फटिकात नव्हे, सीमेवर

खडेमिठाच्या कोरड्या खड्याला बॅटरीच्या दोन तारा लावल्या तर परिपथातील दिवा लागत नाही. तोच खडा पाण्यात विरघळवला की लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील हा प्रयोग अनेकांना आठवत असेल. त्यातून मनात एक नियम पक्का बसतो : आयनांना वाहण्यासाठी द्रव हवा, घन पदार्थात ते जागच्या जागी जखडलेले असतात. पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटऱ्यांच्या क्षेत्रात आज जगभर जी स्पर्धा सुरू आहे, ती नेमकी या नियमाच्या अपवादांवर उभी आहे. काही निवडक स्फटिकांमध्ये आयन द्रवाइतक्याच, किंबहुना द्रवाहूनही अधिक सहजतेने फिरतात. असे स्फटिक हाती आलेले असूनही ‘सॉलिड-स्टेट’ बॅटरीवर धावणारी मोटार सर्वसामान्य ग्राहकाच्या दारात अद्याप का आली नाही, हे समजण्यासाठी आयनाचा हा प्रवास पाहावा लागतो.

प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशाच्या अनेक भागांत विजेवरील दुचाकींना आगी लागल्या, काही ठिकाणी माणसे दगावली आणि त्यानंतर बॅटरी सुरक्षेचे निकष कडक करण्यात आले. प्रत्येक घटनेचे कारण निराळे असले तरी लिथियम-आयन बॅटरीत आगीला खतपाणी घालणारी एक गोष्ट कायम हजर असते, ती म्हणजे आतील द्रव. विद्युत अपघटनी पदार्थ, म्हणजेच इलेक्ट्रोलाइट म्हणून या बॅटऱ्यांत सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार वापरतात. त्यातील डायमिथाइल कार्बोनेट या नेहमीच्या द्रावकाची वाफ अवघ्या १७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठिणगीने पेट घेऊ शकते. भारतातील बहुतेक शहरांत वर्षातील बहुतेक दिवस तापमान याहून अधिकच असते.

द्रव काढून टाकण्यामागे दुसरेही एक आमिष आहे. आजच्या बॅटरीत ऋणाग्र ग्रॅफाइटचे असते आणि त्यात एका लिथियम आयनाला सामावून घेण्यासाठी कार्बनचे सहा अणू लागतात. ग्रॅफाइटच्या जागी थेट लिथियम धातूचा पत्रा ठेवला तर प्रति ग्रॅम साठवण ३७२ मिलिअँपिअर-तासांवरून ३,८६० वर जाते, म्हणजे दहापट. संपूर्ण बॅटरीची क्षमता अर्थातच दहापट होत नाही, कारण धनाग्राचे वजन तसेच राहते. पण वाढ लक्षणीय असते. अडचण अशी की द्रवात लिथियम धातू चार्जिंगच्या वेळी सपाट थराने जमत नाही. त्याला झाडाच्या फांद्यांसारखे काटे फुटतात आणि हे डेन्ड्राइट समोरच्या अग्रापर्यंत पोहोचले की शॉर्ट सर्किट होते. मध्ये कठीण भिंत असेल तर काटे रोखले जातील आणि भिंतीतून आयन मात्र पार होतील, ही सॉलिड-स्टेट बॅटरीमागची मूळ कल्पना.

इलेक्ट्रोलाइटकडून अपेक्षा तशी मोजकी असते. बॅटरी वापरात असताना लिथियमचे अणू ऋणाग्रावर एकेक इलेक्ट्रॉन सोडतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जाऊन मोटार फिरवतात, तर उरलेले धनभारित आयन आतल्या आत इलेक्ट्रोलाइटमधून धनाग्राकडे जातात. चार्जिंगमध्ये हाच प्रवास उलटा होतो. इलेक्ट्रोलाइटने आयनांना वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनांना अडवायचे, एवढेच त्याचे काम. द्रव हे काम बऱ्यापैकी करतो, पण त्यात एक गैरसोय आहे. द्रावकाचे रेणू लिथियम आयनाभोवती कोंडाळे करतात आणि त्या लवाजम्यासह तो सरकतो. शिवाय क्षारातील ऋणभारित आयनही विरुद्ध दिशेला धावत असतात. परिणामी एकूण प्रवाहापैकी जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास वाटा लिथियमचा असतो. चांगल्या घन इलेक्ट्रोलाइटमध्ये ऋण आयन जालकात घट्ट बसलेले असतात, त्यामुळे जवळपास सगळा प्रवाह लिथियमच वाहून नेतो.

रिकाम्या जागा आणि अरुंद दारे

मग मिठाच्या खड्यात आयन का हलत नाहीत? पंधरा सोंगट्या आणि सोळा घरे असलेला सरकत्या आकड्यांचा खेळ आठवावा. एक घर रिकामे असते म्हणूनच सोंगट्या हलतात. सोळावी सोंगटी बसवली की खेळ थांबतो. नेहमीच्या तापमानाला मिठाच्या स्फटिकातील जवळपास प्रत्येक घर भरलेले असते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले की उष्णतेमुळे काही आयन आपली नियत जागा सोडून जालकातील फटीत जाऊन बसतात व मागे रिकामे घर ठेवतात. पुढे वॉल्टर शॉट्की आणि कार्ल वॅग्नर यांनी जोडीने रिकाम्या होणाऱ्या जागांचे गणित मांडले. स्फटिकातील वाहतूक ही अशा रीतीने त्याच्या दोषांवर अवलंबून असते. निर्दोष स्फटिक हा आयनांसाठी कडेकोट तुरुंगच.

रिकामे घर असणे पुरेसे नाही, तिथपर्यंतचे दारही पुरेसे रुंद हवे. एका जागेवरून शेजारच्या जागेवर जाताना लिथियमला ऋण आयनांच्या त्रिकोणातून अंग चोरून जावे लागते. या चिंचोळ्या वाटेने घातलेल्या ऊर्जेच्या उंबरठ्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. सगळा खेळ या उंबरठ्याच्या उंचीचा आहे. आयन आपल्या घरात स्वस्थ बसलेला नसतो. तो सेकंदाला ढोबळमानाने दहा लाख कोटी वेळा कंप पावत असतो आणि प्रत्येक कंपन म्हणजे दाराला दिलेली एक धडक. उंबरठा ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असेल तर सामान्य तापमानाला त्यातील सुमारे नऊ कोटी धडका यशस्वी होतात. उंबरठा दुप्पट, म्हणजे ०.६ केला तर यशस्वी उड्या हजाराच्याही खाली येतात. उंची दुप्पट आणि वेग मात्र लाखपट कमी, असा हा घातांकी हिशेब आहे.

तापमानाचा परिणामही यातूनच निघतो. ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा उंबरठा असलेल्या पदार्थातील आयनांची चपळाई नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांत २७ अंशांच्या तुलनेत जवळपास दुप्पट होते, तर द्रासच्या हिवाळ्यातील उणे २० अंशांत ती सुमारे एक नवमांश उरते. म्हणूनच एखाद्या कंपनीने जाहीर केलेला वाहकतेचा किंवा चार्जिंगच्या वेगाचा आकडा कोणत्या तापमानाला मोजला आहे, हे न सांगितल्यास त्याला फारसा अर्थ राहत नाही. आपल्याकडील बातम्यांत हा तपशील बहुतेक वेळा गळतो, हे इथे मान्य केले पाहिजे.

ही विद्या नवी नाही. तापवलेले सिल्व्हर सल्फाइड व लेड फ्लोराइड वीज वाहून नेतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकातच नोंदवले होते. खरा धक्का १९१४ मध्ये बसला. जर्मनीतील टुबांट आणि लोरेंत्झ यांना आढळले की सिल्व्हर आयोडाइड १४७ अंशांच्या वर नेले की त्याची वाहकता एकाएकी हजारो पटींनी वाढते आणि पुढे ते वितळते तेव्हा वाढण्याऐवजी किंचित घटते. म्हणजे घन अवस्थेत हा पदार्थ आपल्याच द्रवापेक्षा सरस वाहक ठरला. कारण नंतर कळले. त्या अवस्थेत आयोडाइड आयन घनाच्या कोपऱ्यांवर व मध्यभागी बसतात आणि चांदीच्या दर दोन आयनांना बसण्याजोग्या तब्बल ४२ जागा उपलब्ध होतात. आयोडाइडचा सांगाडा उभा राहतो आणि चांदी मात्र त्यातून जणू द्रवासारखी वाहते.

१९६७ मध्ये फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेतील याओ व कमर यांनी बीटा-अॅल्युमिनात सोडियम आयन अशाच सहजतेने फिरतात हे दाखवले. त्यावर आधारलेली सोडियम-सल्फर बॅटरी ३०० अंशांच्या आसपास चालवावी लागते. मोटारीसाठी ती गैरसोयीची ठरली, पण जपानच्या एनजीके कंपनीने वीजजाळ्यातील साठवणीसाठी ती बाजारात आणली. बीटा-अॅल्युमिनात आयन फक्त पातळ पदरांमधून, म्हणजे दोन मितींत फिरू शकतात. ही मर्यादा ओलांडणारा, तिन्ही दिशांना बोगदे असलेला ‘नॅसिकॉन’ हा पदार्थ १९७६ मध्ये हाँग, जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी मांडला. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक, तेच हे गुडइनफ.

जाता जाता एक गोष्ट. घन इलेक्ट्रोलाइट माणसाच्या छातीत पन्नास वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम करत आहे. हृदयाच्या पेसमेकरसाठीची लिथियम-आयोडीन बॅटरी १९७२ मध्ये प्रथम रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आली. तिच्यातील लिथियम आयोडाइडचा थर अत्यंत मंद वाहक आहे, पण पेसमेकरला लागणारा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की ती मंदगती खपून जाते. ही बॅटरी पुन्हा चार्ज होत नाही, आणि मोटारीला लागणारा प्रवाह तर त्याच्या कित्येक लाखपट असतो.

लिथियमचे दोन मार्ग : कठीण ऑक्साइड, मऊ सल्फाइड

खोलीच्या तापमानाला लिथियम आयन वेगाने वाहून नेणाऱ्या पदार्थांच्या शोधात दोन कुळे पुढे आली, आणि पहिल्या कुळाशी भारतीय नावे जोडलेली आहेत. २००७ मध्ये रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगादुराई आणि वेर्नर वेप्नर यांनी लिथियम, लँथॅनम व झिर्कोनियमचा गार्नेटसदृश ऑक्साइड प्रसिद्ध केला. थंगादुराई यांचे संशोधन-शिक्षण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील. मुरुगन पुदुच्चेरी विद्यापीठाचे. या पदार्थाची वाहकता ०.३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास होती. द्रवाची सुमारे १० असते, त्या मानाने ती कमीच. मात्र लिथियम धातूच्या शेजारी हा पदार्थ जवळपास अविकृत राहतो, हे त्याचे मोठे बलस्थान.

या गार्नेटमागे एक गमतीदार प्रकरण आहे. त्याची दोन रूपे आहेत. एकात लिथियम शिस्तीत बसतो व वाहकता कमी असते. दुसऱ्यात, म्हणजे घनाकृती रूपात, लिथियम विस्कळीत असतो व वाहकता सुमारे शंभरपट होते. सामान्य तापमानाला शुद्ध पदार्थ पहिल्या, निरुपयोगी रूपात जातो. मग प्रयोगशाळेत दुसरे रूप टिकत होते ते कसे? काही वर्षांनी उलगडा झाला. पदार्थ अॅल्युमिनाच्या मुशीत भाजला जात होता आणि मुशीतील थोडे अॅल्युमिनियम नकळत त्यात मिसळत होते. अॅल्युमिनियमचा एक आयन लिथियमच्या तीन आयनांची जागा घेतो, म्हणजे दोन घरे रिकामी होतात आणि शिस्त मोडते. पुढे संशोधक अॅल्युमिनियम, टँटलम यांसारखी मूलद्रव्ये मोजूनमापून मिसळू लागले.

दुसरे कूळ गंधकाचे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे र्योजी कान्नो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांच्या संयुगात १२ मिलिसीमेन्सची वाहकता मिळवली, आणि २०१६ मध्ये त्याच घडणीच्या दुसऱ्या संयुगात २५. घन पदार्थाने द्रवाला मागे टाकले. गंधकाचा आयन ऑक्सिजनच्या आयनाहून मोठा आणि त्याचा इलेक्ट्रॉनमेघ मऊ, त्यामुळे दारे रुंद होतात आणि लिथियमवरील पकड सैल राहते. गर्ब्रँड सीडर यांच्या गटाने २०१५ मध्ये आणखी एक धागा जोडला. अशा उत्तम वाहकांत गंधकाची मांडणी बहुधा घनाच्या कोपऱ्यांवर व मध्यभागी असते, म्हणजे शतकापूर्वीच्या त्या सिल्व्हर आयोडाइडसारखीच. या मांडणीत लिथियमला लागोपाठ एकसारखी घरे मिळतात. मध्येच खोल खड्ड्यात अडकून पडावे लागत नाही. आयन एकेकटे उडी मारतात असेही नाही. मेरीलँड विद्यापीठातील यीफेई मो यांच्या गटाच्या गणनेनुसार ते रांगेने सरकतात : एक जण चढावर असताना दुसरा उतारावर असतो, आणि एकाच्या उतरण्याने दुसऱ्याचा चढ हलका होतो.

जर्मेनियम महाग असल्यामुळे उद्योगांचा कल आता आर्गिरोडाइट घडणीच्या, लिथियम, फॉस्फरस, गंधक व क्लोरीन यांच्या संयुगांकडे आहे. योगायोग असा की आर्गिरोडाइट हे मूळ खनिज चांदी आणि जर्मेनियमचे. क्लेमेन्स विंकलर यांनी १८८६ मध्ये जर्मेनियम शोधले ते याच खनिजात. बहुवारिक, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचे इलेक्ट्रोलाइटही आहेत. पॅरिसमध्ये २०११ पासून भाड्याने धावलेल्या मोटारींत ते होते, पण ती बॅटरी सतत तापलेली ठेवावी लागे.

अडथळा कुठे आहे

स्फटिकाच्या आत आयन द्रवाच्या वेगाने धावत असेल, तर घोडे अडले कुठे? उत्तर आहे : सीमांवर. जकात नाक्यांच्या काळात शहरातील रस्ता कितीही चांगला असला तरी मालमोटार नाक्यावर तासन्‌तास उभी राहत असे. बॅटरीतील घन थर हा एकसंध स्फटिक नसतो. असंख्य सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून तो बनतो. प्रत्येक कणसीमेवर एका कणाची दारे दुसऱ्याच्या भिंतीसमोर येतात. ऑक्साइडचे कण नीट सांधण्यासाठी गार्नेट हजार अंशांच्या वर भाजावे लागते आणि त्या उष्णतेत लिथियम उडून जाऊ लागतो. हवेत ठेवले तर त्यावर लिथियम कार्बोनेटचे कवच चढते आणि ते आयनांना अडवते. सल्फाइड मऊ असल्याने भाजल्याशिवाय नुसते दाबूनही कण जुळतात. हा त्यांचा मोठाच फायदा, पण ते दमट हवेत टिकत नाहीत. ओलाव्याशी संयोग झाला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो, त्यामुळे कारखान्यातील हवा काटेकोर कोरडी राखावी लागते. मुंबई-चेन्नईसारख्या किनारी शहरांच्या दमट हवेत हा खर्च किरकोळ नसेल.

कणसीमेहून अवघड जागा म्हणजे इलेक्ट्रोलाइट आणि अग्र यांची भेट. द्रव कोणत्याही खाचखळग्यात शिरतो. घन शिरत नाही. चार्ज आणि डिस्चार्ज होताना धनाग्रातील कण फुगतात व आकसतात, आणि दर फेरीत संपर्क थोडाथोडा सुटत जातो. जिथे संपर्क नाही तिथे आयनांना वाट नाही. त्यावर उपाय म्हणून प्रयोगशाळेतील घट वातावरणाच्या कितीतरी पट दाबाखाली शिकंजात आवळलेले असतात. मोटारीत असा शिकंजा बसवायचा तर वजन वाढते आणि मिळवलेला फायदा त्यातच खर्ची पडतो. रासायनिक कुरबुरही आहेच. जर्मेनियमयुक्त सल्फाइड लिथियम धातूला लागताच विघटित होऊ लागते, तर धनाग्राच्या उच्च व्होल्टेजला इतर सल्फाइडही टिकत नाहीत. यासाठी धनाग्राच्या कणांवर लिथियम निओबेटचा अतिसूक्ष्म लेप देण्याची पद्धत रूढ झाली. २०१८ मध्ये पॅनासोनिकच्या संशोधकांनी पुढे आणलेले क्लोराइड व ब्रोमाइडचे कूळ धनाग्राजवळ अधिक तग धरते.

आणि डेन्ड्राइट? कठीण भिंत काटे रोखील, हा ज्या गृहीतकाचा पाया होता, ते २००५ मध्ये मनरो आणि न्यूमन यांनी गणिताने मांडले होते : भिंतीची ताठरता लिथियमच्या दुप्पट असली तरी पुरे. गार्नेटची ताठरता दुप्पट नव्हे, दहापटीहून अधिक आहे. तरीही सुरीने कापता येईल असा मऊ लिथियम त्यातून आरपार जातो. सिद्धान्तात भिंत अखंड होती. प्रत्यक्षात तिला सूक्ष्म चिरा असतात. चिरेत शिरलेला लिथियम दाब निर्माण करतो आणि पाचर ठोकावी तशी चीर पुढे फाकत जाते.

या काट्यांचा उगम कुठे होतो, यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नागा फणी ऐतुकुरी यांच्या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांसह केलेले काम महत्त्वाचे आहे. २०२२ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार, बॅटरी वापरात असताना लिथियम पृष्ठभागावरून निघून जातो आणि तेथे सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. मग सगळा प्रवाह पोकळ्यांच्या कडांवर एकवटतो आणि पुढील चार्जिंगमध्ये काटा तिथूनच फुटतो. संशोधकांनी लिथियम आणि इलेक्ट्रोलाइट यांच्यामध्ये टंग्स्टनसारख्या उच्च वितळबिंदूच्या धातूचा अतिशय पातळ थर दिला, तेव्हा पोकळ्या व काटे उशिरा तयार झाले. उपाय भिंत आणखी जाड किंवा कठीण करण्याचा नव्हता, सीमेवरची वर्तणूक सुधारण्याचा होता.

सुरक्षेचा दावाही सरसकट स्वीकारण्याजोगा नाही. घन इलेक्ट्रोलाइट सहजी पेटत नाही हे खरे. पण लिथियम धातू १८० अंशांना वितळतो आणि तो ज्वालाग्राही आहे. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये केलेल्या हिशेबात असे दिसले की डेन्ड्राइटमुळे शॉर्ट सर्किट झाल्यास अधिक ऊर्जा साठवणाऱ्या सॉलिड-स्टेट घटाचे तापमानही धोकादायक पातळीला जाऊ शकते.

बाजारात ‘सॉलिड-स्टेट’ हे नाव सध्या सैलपणे वापरले जाते. त्याखाली विकल्या जाणाऱ्या काही बॅटऱ्या अर्ध-घन असतात. सीमेवरचा संपर्क राखण्यासाठी त्यांत थोडा द्रव किंवा जेल असतो. तडजोड म्हणून ती वाईट नाही, फक्त ग्राहकाला ती सांगितली जावी. पूर्णतः घन अशा, नखाएवढ्या बॅटऱ्या जपानच्या टीडीके कंपनीने २०१७ मध्येच सादर केल्या आहेत. मोटारींसाठी टोयोटाने तेलशुद्धीकरण क्षेत्रातील इदेमित्सु कंपनीशी ऑक्टोबर २०२३ मध्ये सहकार्य जाहीर केले आणि २०२७-२८ हे लक्ष्य ठेवले. तेलशुद्धीकरणात उरणारे गंधक सल्फाइड इलेक्ट्रोलाइटसाठी वापरायचे, ही त्यातील जोडणी. प्रयोगशाळेतील वडी साधारण एक मिलिमीटर जाडीची असते, तर मोटारीच्या बॅटरीत हाच थर वीस-तीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक, पण मीटरच्या मीटर लांबीचा आणि एकही चीर नसलेला हवा.

भारतासाठी या विषयाला कच्च्या मालाची बाजू आहे. जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमयुक्त साठ्याचा प्राथमिक अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. मात्र असा अंदाज आणि प्रत्यक्ष खाण यांत मोठे अंतर असते. सोडियम मुबलक आहे आणि त्याच्या आयनासाठी नॅसिकॉनचे रुंद बोगदे गेली पाच दशके माहीत आहेत. तिथेही अडसर तोच आहे. बोगद्यात सोडियम सहज धावतो, पण सोडियम धातू आणि नॅसिकॉन जिथे एकमेकांना भेटतात तिथे संपर्क टिकवणे कठीण जाते. त्यात सोडियम धातू ९८ अंशांनाच वितळतो.